खोट्या खजुराला बांधलेला रुमाल

अरे, ऐक ना, मधे बोलू नकोस. मी एक जुना खजूर आहे, पण खोटा. आत लोखंडी खांब, वर प्लास्टिकच्या झावळ्या आणि त्यांच्यात लपवलेला मोबाइलचा टॉवर. परदेशी पाहुण्यांच्या फोटोत शोभावा म्हणून असा नटवलेला. अॅटलास पर्वताच्या पायथ्याशी, गावाबाहेर मला उभं केलं तेव्हा म्हाताऱ्यांनी माझ्या बुंध्याशी पुदिन्याचा चहा ओतला. म्हणाले, याला खजूर नाही, परगावच्या पोरांचे आवाज लागतील.

आणि लागले की! पण मित्रा, माझी बॅटरी म्हातारी झाली. वारा सुटला की गावची वीज जायची, पाठोपाठ मी मुका. लोक चिडून खडे मारायचे. तक्रार करायची तर टेकडी चढून पलीकडच्या टॉवरवरून फोन लावायचा. तिथे कंपनी सांगायची, तुमच्या गावात नेटवर्क उत्तम आहे.

"उत्तम आहे, तर मी काय बकरी आहे का इथे चढायला?" गावातल्या इत्तोमावशीने एकदा फोनवर सुनावलं.

तिची एकुलती लेक तुदा वरच्या डोंगरात सासरी, दिवस भरलेली. कळा आल्या की ती फोन करणार, मग इथून गाडी न्यायची, असं ठरलेलं. आणि त्यातच पुन्हा वीज गेली, मी नेमका मुका.

शेवटी कंपनीचा दुरुस्तीवाला झायद आला. धूळ पुसली, तीच बॅटरी परत जोडली, निघाला. गाडीत मात्र कोरी बॅटरी, शहरातल्या बड्या हॉटेलजवळच्या टॉवरसाठी. इत्तोने ती पाहिली. डोक्यावरचा रुमाल सोडला आणि माझ्या बुंध्याला करकचून बांधला.

आमच्याकडे बाईने असा रुमाल बांधला की तिचं मागणं पुरं केल्याशिवाय समोरच्याला हलता येत नाही. हलला, तर त्याच्या घरचा चहा कोणी पीत नाही.

"मावशी, माझी नोकरी जाईल गं."

"मग जा बाळा. तुझ्या आईला काय सांगायचं ते वाटेत घोकत जा."

झायद याच खोऱ्यातला. गाठीकडे बघून तो गाडीकडे वळला. कोरी बॅटरी उतरवली आणि मला लावली.

माझ्या अंगात काय जीव आला म्हणून सांगू! पहिलाच फोन तुदाचा. "आई, निघ लवकर."

इत्तोने गाठ सोडली. झायदने गाडीचं दार उघडलं. "बस मावशी, मीच नेतो."

मला शोभेच्या झावळ्या नकोत रे, वेळेवर बॅटरी बदला, एवढंच माझं मागणं.

गाडी वळणावर पोचली आणि झायदला ऑफिसातून फोन आला. कंपनीची गाडी परत मागायला, आणखी कशाला? आजवर इतके फोन माझ्या हातून नाइलाजाने तुटले. हा मात्र मी मुद्दाम तोडला. पुन्हा आला, पुन्हा तोडला.

सांग, तू असतास तर काय केलं असतंस?