आत येणारा बाण

मधुरिमानं निरोपांचा तक्ता फरशीवर पसरला आणि बाळाला एका हातानं मांडीवर सावरत शिखाच्या घरावर पेन्सिल टेकवली. शिखाला प्रेमलताताई सांगणार. प्रेमलताताईंना शोभनाताई. शोभनाताईंना शिखा.

पेन्सिल तिथंच थांबली.

टाकीचं पाणी बिघडलं की राऊ गावातल्या या बिल्डिंगमध्ये कोणी कोणाला सांगायचं, हे तिनंच ठरवलं होतं. गणितात एम.एस्सी. झालेली, म्हणून सेक्रेटरी दिनानाथजींनी गळ घातली होती. जिना चढून सांगणं जड, उतरून सांगणं हलकं. कोणी फोन लगेच उचलतं, कोणी उचलतच नाही. सांगणाऱ्याच्या घरापासून ऐकणाऱ्याच्या घराकडे तिनं बाण काढले, प्रत्येक बाणाला त्रासाचा आकडा दिला आणि प्रत्येक घरात एकच, सगळ्यांत कमी आकड्याचा स्वस्त बाण येऊ दिला. तिघी मैत्रिणींचे बाण आपसातच गोल फिरत राहिले. बाहेरून आत एकही येत नव्हता. बाहेरून एखादा महाग बाण आत घेऊन हे कडं फोडायला हवं होतं. कॉलेजात अशी कितीतरी कडी तिनं फोडली होती.

काल सकाळी पाणी बिघडल्याचा निरोप घरोघर पोचला. या तिघींकडे सोडून. ते पाणी प्यायलेला शिखाचा मुलगा देवांश आता आयसीयूत होता.

"दिवसभर तिघींचं तोंड बंद होत नाही," दिनानाथजी जिन्यात कोणाला तरी सांगत होते, "और ऐन टाइम पे सब चुप!"

शेजारच्या दाराचं कुलूप वाजलं. मधुरिमा बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. शिखा देवांशचे कपडे पिशवीत कोंबून निघाली होती.

"कसा आहे गं?"

"डोळे उघडत नाहीये." शिखानं पिशवीचा बंद ओढला. "चूक माझीच. प्रेमलताताईंचा फोन नाही आला, तर मी म्हटलं, पाणी ठीकच असेल."

बाळ तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं.

"तुला कळलं होतं ना?"

"हो. दिनानाथजींचा फोन आला होता."

"मग तू कोणाला सांगायचं होतं?"

घरात तान्हं मूल; म्हणून तिनं स्वतःपासून एकही बाण काढला नव्हता.

"कोणालाच नाही," मधुरिमा म्हणाली.

शिखा दोन दारांमधल्या वीतभर भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं बाळाचं घसरलेलं टोपडं नीट केलं आणि जिना उतरू लागली.