पेरूचे चोर

मी गोठ्यात शेण काढत होतो. शेजारचा सुतार कुंपणावरून म्हणाला, "गावाच्या पाण्याच्या टाकीची जागा ठरली. तुझा पेरू जाणार."

घमेलं हातातच राहिलं. पेरू हिनं लावलेला. ही जाऊन वर्ष होत आलं. पण झाड कुंपणाबाहेर, गावाच्या जागेत. भांडायला तोंड नव्हतं.

गावाचे पुढारी तात्या. ठरावात पोरांचंही मत घ्या, असा वरून हुकूम आला होता. तात्यांनी पोरांना पढवलं, काहीही विचारलं की हो म्हणायचं, मग गोळी मिळेल.

शाळेच्या अंगणात सभा बसली.

"टाकी हवी ना?"

"हो!"

"पेरू तोडायचा ना?"

"हो!"

"नाही," एक आवाज आला. तात्यांचीच नात.

"अगं, हो म्हण."

"आधी पिकू देत की."

"तुला काय करायचंय पेरूंशी?"

"मी वर चढते, न्हाव्याचा खाली झेलतो."

न्हावी ताडकन उठला. "कार्ट्या, म्हणून पोट दुखत होतं होय!"

सुतारानं माझ्या पाठीवर थाप मारली. "आणि तू पोपटांना शिव्या देत बसलास!"

सभा खो खो हसली. तात्या चिडले. "मग टाकी काय माझ्या डोक्यावर बांधू?"

"डोक्यावर नको. आपल्या कडब्याच्या गंजीमागं बांधा. आम्ही तिथंच लपतो."

"ती जागा आपली आहे. गप्प बस."

"आपली कशी? गावाच्या जागेच्या हद्दीचा दगड तर गंजीच्या अलीकडं, आपल्या घराच्या बाजूला आहे. तुम्हीच गड्याला म्हणालात, त्याच्यावर पेंढ्या टाक, कुणाला दिसायला नको."

आता कुणी हसेना. सुतारानं चपला घातल्या. "चला, बघून तर येऊ."

सगळं गाव गंजीकडं निघालं. पेंढ्या उचलल्या, खाली दगड निघाला.

"कुंपणच शेत खात होतं म्हणायचं," न्हावी म्हणाला.

टाकी तिथंच ठरली. तात्यांनी नातीचा हात धरला. "घरी चल, दाखवतो तुला."

"आधी गोळी द्या. टाकीला मी हो म्हटलंय."

दुसऱ्या दिवशी पोरं तोंडं धुऊन माझ्या दारात उभी.

"आबा, पेरू घेऊ?"

"घ्या की."

एकेक पेरू घेतला, दोन घास खाल्ले आणि एकमेकांकडं बघत बसली.

"काय झालं?"

"मजा नाही येत," तात्यांची नात म्हणाली. "आजी असताना यायची. त्या काठी घेऊन ओरडायच्या."

ही रोज दुपारी दारातून ओरडायची. मला वाटायचं, पोपटांवर.

मी घरात गेलो. दाराआड तिची काठी तशीच होती. ती आपटत बाहेर आलो.

"थांबा चोरांनो! एकेकाची तंगडी मोडतो!"

पोरं पेरू खिशात कोंबत, खिदळत पळाली. तात्यांची नात सगळ्यांच्या पुढं.

संध्याकाळी घसा बसला. मिठाच्या गुळण्या केल्या. उद्या परत ओरडायचंय.