तिच्याविषयी दोन शब्द

रामकिसन गुरुजींनी माईक हातात घेतला, खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले आणि चष्मा सारखा केला. मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं सरसावून बसली. बुद्धवंदना आटोपली होती. टेबलावर बेबीनंदाचा फोटो होता आणि समोर मेणबत्त्या वाऱ्यानं विझू विझू करत होत्या. जयंती असो, लग्न असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, धावडा गावात गुरुजी बोलले नाहीत असा कार्यक्रम झाला नव्हता. आज तर त्यांच्या स्वतःच्या बायकोचा होता.

"बेबीनंदानं मला तेहेतीस वर्षं साथ दिली," त्यांनी सुरुवात केली. "माझी बदली लांब झाली, तेव्हा तिनं माझं घर सांभाळलं. माझ्या शाळेची वेळ तिनं कधी चुकू दिली नाही. माझे कपडे, माझा डबा, माझी पथ्यं..."

ते थांबले. खालची ओळही 'माझ्या'नंच सुरू होत होती. त्यांनी पान उलटलं. मागच्या पानावर त्यांना मिळालेल्या आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रसंग होता. समारंभात बेबीनंदा मागच्या रांगेत बसली होती, एवढंच तिच्याविषयी होतं.

त्यांनी कागद खाली केले. नुसतं तिचं असं काहीतरी सांगावं म्हणून ते आठवू लागले. तिला काय आवडायचं? भाजी कोणती? गाणं कोणतं? गुरुजींना भरून आलं असं वाटून पुतण्या भारत पाण्याचा पेला घेऊन पुढं आला. गुरुजींनी तो घेतला नाही.

"चतुराबाई," ते म्हणाले, "तुम्ही बोला. मला तिचं काही सांगता येऊन नाही राह्यलं."

चतुराबाई बायकांत मागं बसली होती. मिरच्या तोडायला बेबीनंदा वीस वर्षं तिच्याच टोळीत जायची. ती पदर सावरत उभी राहिली, पण पुढं येईना.

"मी काय बोलू गुरुजी? मला भाषण येत न्हाई."

"भाषण नका करू. ती कशी होती ते सांगा."

माईक तिच्यापर्यंत गेला. गुरुजी खाली सतरंजीवर बसले.

"नंदाबाई लई हसवायची," चतुराबाई म्हणाली. "नकला करायची. कंडक्टरची, सरपंचाची. गुरुजी, राग नका मानू, तुमची बी करायची. हात असा वर करून, 'बंधूंनो आणि भगिनींनो'. हसून हसून आमच्या हातच्या मिरच्या सांडायच्या."

बायका हसल्या आणि लगेच त्यांनी पदर डोळ्यांना लावले. बेबीनंदा मोठ्यानं हसलेली गुरुजींना आठवेना.

"अन् तिला अजिंठा पाह्यचा होता. तासा-दीड तासाचा रस्ता हाय. म्हणायची, गुरुजी शाळंच्या पोरायला घेऊन चारदा जाऊन आले. आवंदा तोडणी झाली की आपण समद्या बायका जाऊ. अशा किती तोडण्या झाल्या. न्हाई गेलो."

गुरुजी सतरंजीचा दोरा ओढत राहिले. एका सहलीच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं खरं, मीही येऊ का म्हणून. तुला तिथलं काय कळणार, असं ते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी डबा वेळेवर तयार होता.

दुपारी जेवणं उरकली, पाहुणे गेले. पायल, त्यांची लेक, स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ती दुसऱ्या दिवशी सासरी जाणार होती. गुरुजी दारात आले आणि उंबऱ्याजवळ खालीच बसले.

"पायल, तू कशी हाईस?"

"काय पाह्यजे, पप्पा? चहा ठेवू?"

"न्हाई. तुझंच विचारून राह्यलो."

तिनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "बरी हाये," म्हणाली आणि पुन्हा ताट घासू लागली.

एरवी 'बरं' म्हणून ते उठले असते. आज उठले नाहीत. लेकीच्या मनगटाची हाडं किती वर आली आहेत, ते त्यांना आत्ता दिसत होतं. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती ते घासतच होती.

"मायला माझं सासरचं सगळं माहीत होतं," ती वळून न पाहता म्हणाली.

'मग मला का सांगितलं नाही' हे त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"मला सांगशील?"

नळाचं पाणी पडत राहिलं.

"सांगीन. पण तुम्ही मधी बोलायचं न्हाई. समजून घे, जुळवून घे, असलं काहीच न्हाई."

गुरुजींनी मान हलवली. पाठमोऱ्या पायलला ते दिसलं नाही. बराच वेळ उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं नळ बंद केला आणि वळून पाहिलं.