मामी कोण?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचलेलं पोर ज्या घरात आहे, त्या घरात हल्ली एकच विषय असतो: इंटर्नशिप. कॉलेज म्हणतं, सहा आठवडे कुठेतरी काम करून या. कंपन्या म्हणतात, आधी अनुभव घेऊन या. आईबाप म्हणतात, कुठेही चिकट, पण चिकट एकदाची. चेन्नईत आदंबाक्कमला राहणाऱ्या सहानाने चौदा ठिकाणी अर्ज पाठवले. तिघांनी नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. शेवटी ती आपल्या आईच्याच लोणच्याच्या कारखान्यात 'सोशल मीडिया इंटर्न' म्हणून रुजू झाली.

कारखाना हा शब्द जरा जास्तच झाला. तळमजल्यावर दोन खोल्या, वर वाळवणाला गच्ची, आणि कामाला चार बायका. सहानाची आई श्रीदेवी मूळची तंजावरकडची मराठी ब्राह्मण. बारा वर्षांपूर्वी तिने घरातल्या ओट्यावर हा उद्योग सुरू केला आणि स्वतःच्या हिकमतीवर इथवर आणला. तिची नार्तंगाय सगळ्यात जास्त खपायची. नार्तंगाय म्हणजे जाड सालीचं, मुठीपेक्षा मोठं लिंबू. ते सुरीने गोल गोल, एकही तुकडा न पडू देता कापायचं, मध्ये मीठ भरायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. दहीभाताबरोबर बोटभर मिळाली तरी माणूस आणखी भात मागतो.

बाटलीवरच्या लेबलावर श्रीदेवीचं नाव होतं, आणि त्याखाली तमिळमध्ये ठळक अक्षरांत एक शब्द होता: 'मडी'. मडी म्हणजे आपलं सोवळं. श्रीदेवी स्वतः काही सोवळं पाळत नव्हती. सुती कुर्ता आणि डोक्याला जाळीची टोपी घालून ती मिक्सर फिरवायची. पण सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मडीने केलंय ना?" आणि ती हो म्हणून गेली. पुढे तो शब्द लेबलावर चढला. त्याने खप वाढला, मग त्याला उतरवायचं कोणी आणि कशाला?

पहिल्याच आठवड्यात सहानाने एक व्हिडिओ टाकला. त्यात फक्त दोन हात होते, सुरी होती आणि नार्तंगायची न तुटता उलगडत जाणारी लांबलचक गुंडाळी होती. एरवी कारखान्याच्या सोशल मीडियावरच्या पानावर श्रीदेवीच्या बहिणी सोडून कोणी फिरकत नसे. हा व्हिडिओ चार दिवसांत तीन लाख लोकांनी पाहिला. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा होता, "या मामी कोण?"

चेन्नईबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की या शहरात अनोळखी बाईला सरसकट कोणी मामी म्हणत नाही. मामी म्हणजे ब्राह्मण घरातली बाई. लेबलावर मडी वाचलं की हात मामीचेच असणार, हे लोकांनी आपापल्या मनाने ठरवून टाकलं होतं.

ते हात कनकाचे होते. वेळचेरीहून रोज बसने येणारी, सावळी, चाळिशीची कनका. अकरा वर्षांपूर्वी ती बाटल्या धुवायला म्हणून आली आणि तिसऱ्या महिन्यात सुरी तिच्या हातात गेली. मीठ किती, ऊन किती, बाटली कधी भरायची हे सगळं तीच ठरवायची. नार्तंगायची खरी चव तिची होती. आणि कोणत्याही मामीच्या घरात तिला स्वयंपाकघराच्या आत घेतलं नसतं, हे तिला आणि श्रीदेवीला दोघींनाही पक्कं माहीत होतं.

सहानाला यात लपवण्यासारखं काही दिसेना. तिने दुसरा व्हिडिओ काढला. यात कनका हसत कॅमेऱ्याकडे पाहत होती आणि खाली सहानाने लिहिलं होतं, 'या आमच्या कनकाक्का. अगदी घरच्याच.' टाकण्याआधी तिने तो आईला दाखवला.

त्याच सकाळी नारायणस्वामी मामांचा फोन येऊन गेला होता. कल्याण मंडपांतल्या, म्हणजे मंगल कार्यालयांतल्या, जेवणावळींची मोठी मोठी कामं हे ब्राह्मण मामा घेत. आवणी या तमिळ महिन्यातल्या सगळ्या लग्नांना श्रीदेवीचीच नार्तंगाय वाढायची, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. फोन ठेवताना त्यांनी सहज विचारलं होतं, "व्हिडिओत हात त्या मामींचे दिसतात. तुमच्या घरच्याच ना?" आणि श्रीदेवी म्हणाली होती, "हो तर."

त्यामुळे दुसरा व्हिडिओ पाहून तिचा चेहरा उतरला.

"हे टाकू नकोस," ती मराठीत म्हणाली. "तोंड काप. नुसते हात ठेव. कोणी विचारलं तर आमच्या मामी म्हणून सांग."

इथे या घरातली एक सवय सांगितली पाहिजे. तंजावरच्या मराठी माणसांना चेन्नईत एक मोठी सोय आहे. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत ती आपसांत मराठीत बोलतात आणि शेजारच्याला काही कळत नाही. भाव करायचा असो, कोणाची उणीदुणी काढायची असोत, मराठी सुरू. श्रीदेवीच्या कारखान्यातही कामाचं बोलणं तमिळमध्ये आणि कामवाल्यांविषयीचं बोलणं मराठीत, असाच रिवाज होता. सहानाही त्यातच वाढली होती. म्हणून कनका दोन हात अंतरावर बसून मीठ भरत असताना मायलेकींचं भांडण तिच्या डोक्यावरून खुशाल चाललं होतं.

"का कापायचं?" सहानाने विचारलं.

"तुज ठाऊक आहे का ते. नारायणस्वामी मामांना कळलं हात कोणाचे, तर ऑर्डर गेली. एक मंडप गेला की दहा मंडप जातात. या चार बायकांचा पगार काय तुझी लाइकं देणार?"

"म्हणजे खोटं बोलायचं."

"मी कोठं खोटं बोलले? लोकांना वाटतं मामी, वाटू दे. आपण नाही म्हणालो नाही, एवढंच. बारा वर्षं असंच चाललंय, कोणाचं काय बिघडलं?"

सहानाने पिशवीतून कॉलेजची डायरी काढली. इंटर्नशिपचा नियम असा, की रोज केलेलं काम विद्यार्थ्याने लिहायचं आणि देखरेख करणाऱ्याने खाली सही करायची. महिन्याअखेर कॉलेजच्या जयंती मॅडम प्रत्येक पान वाचायच्या. सहानाने तारीख घातली आणि चार ओळी लिहून डायरी आईसमोर सरकवली.

श्रीदेवीने वाचलं. 'आजचं काम: अकरा वर्षं लोणचं करणाऱ्या बाईचं तोंड व्हिडिओतून कापलं. हात ठेवले, कारण हात विकले जातात. कामाची सूचना देणारे: व्यवस्थापक, श्रीदेवी होम फूड्स.'

"सही कर," सहाना म्हणाली. "तू सही केलीस की मी कापते."

"शहाणी आहेस. कॉलेजात आईची अब्रू काढतेस?"

"काम चांगलं असेल तर सही करायला लाज कसली? आणि वाईट असेल तर मज का करायला सांगतेस?"

श्रीदेवीने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मग चिडून म्हणाली, "तुला जग माहीत नाही. ती बघ, तिला काही पडलंय का? आपल्या पगाराशी काम. तिला कोठं कळतंय आपण काय बोलतो."

"कळतंय अम्मा," कनका म्हणाली.

मराठीत म्हणाली! तंजावरच्या वळणाच्या, थोड्या अडखळत्या, पण स्वच्छ मराठीत.

श्रीदेवीच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. कनकाने हातातलं लिंबू नीट भरून बरणीत ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"अकरा वर्षं जालीत," ती म्हणाली. "तुम्ही दिवसभर फोनवर बहिणीशी बोलता. माझे कान काय मी बसमध्ये ठेवून येते? दुसऱ्या वर्षीच सगळं समजायला लागलं."

"मग बोलली का नाहीस?" श्रीदेवीने विचारलं. एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोरून अकरा वर्षांचं बोलणं सरकून गेलं असावं. कनकाच्या नवऱ्याबद्दल, तिने मागितलेल्या रजेबद्दल, 'या लोकांना' काय कळतं त्याबद्दल.

"सांगणार होते. पण एक दिवस तुम्ही बहिणीला म्हणालात, 'माझ्यापेक्षा कनकाच्या हाताला चव आहे गं.' मराठीत म्हणालात. तमिळमध्ये मज कधी म्हणाला नाहीत. वाटलं, कळतं म्हणून सांगितलं तर तेवढं ऐकणंही जाईल. म्हणून वाईट बोललात तेही ऐकलं, चांगलं बोललात तेही ऐकलं. वाईट जास्त होतं, अम्मा. पण ते असू दे."

श्रीदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं. सहानाला मात्र मनातून जिंकल्यासारखं वाटत होतं. ती पुढे होऊन म्हणाली, "मी तर तुमचं नाव घातलंय अक्का. घरच्याच आहात असं लिहिलंय, बघा."

कनकाने फोनकडे पाहिलं. "ते आधी काढ," ती म्हणाली.

"का?"

"घरची असते तर आत टेबलावर जेवले असते. अकरा वर्षं मी गच्चीच्या जिन्यावर डबा खाते. इथे येऊन तुज किती दिवस जाले? तू तरी कधी म्हणालीस, आत या म्हणून? मी घरची नाही, कण्णा, पोरी. मी इथे काम करते. चांगलं काम करते. तेवढंच लिही, पण खरं लिही."

सहानाची मान खाली गेली. आईला धडा शिकवायला निघालेल्या पोरीला कळलं, की गेले तीन आठवडे आपणही तिच्यासमोर मराठीत बोलत होतो, आणि आपणही रोज टेबलावर जेवत होतो.

"आणि अम्मा, मडी शब्दाचं सांगते," कनका पुढे म्हणाली. आता ती तमिळमध्ये बोलत होती, आणि तमिळमध्ये तिचं बोलणं सुरीसारखं चालत होतं. "मी येते तेव्हा आंघोळ करून येते. हात तीनदा धुते. नखं कापलेली, केस बांधलेले. सरकारी माणूस तपासायला आला तेव्हा त्याने माझ्याच टेबलाचा फोटो काढला. याला स्वच्छ म्हणतात ना? मग स्वच्छ लिहा. मडी लिहिता तेव्हा तुम्ही लोकांना एवढंच सांगता, की माझ्यासारखीने हात लावलेला नाही. माझ्याच हाताने केलेल्या बाटलीवर तुम्ही मी नाही असं लिहिता. आणि ते लेबल चिकटवतेही मीच. तुमची ऑर्डर जाईल म्हणता. जाईल. मग माझाही पगार अडेल, ठाऊक आहे. तरी सांगते, तोंड कापायचं असेल तर हातही मिळणार नाहीत."

तिने सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. वाट बघत उभी राहिली.

श्रीदेवीने त्या सुरीकडे पाहिलं. आता ही बाई गेली तर धंदा बसणार आणि राहिली तर ऑर्डर जाणार, असा हिशोब तिच्या मनात आला नसेल असं नाही. माणूस आहे, येणारच. पण तिला खरं टोचत होतं ते दुसरंच. बारा वर्षं आपण स्वतःला साधी, कष्टाळू बाई समजत आलो, आणि समोर उभ्या असलेल्या कष्टाळू बाईला बाटलीवरून पुसत आलो, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं होतं.

तिने फोन उचलला, नारायणस्वामी मामांना लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. बोलली ती तमिळमध्ये.

"मामा, सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. व्हिडिओतले हात घरच्या मामींचे नाहीत. आमच्या कनकाचे आहेत. आमच्या जातीची नाही ती. अकरा वर्षं सगळी नार्तंगाय तीच करते. माझ्यापेक्षा तिच्या हाताला चव आहे."

पलीकडून मामा सावकाश म्हणाले, "मला काही नाही हो श्रीदेवी. पण मंडपातले लोक विचारतात. तुम्ही हे कशाला बोलून दाखवलंत? गप्प राहिला असतात तर चाललं असतं."

"तुमचं चाललं असतं. माझं नाही चालणार," श्रीदेवी म्हणाली. "विचारतील त्यांना माझा नंबर द्या. सांगेन मी."

ऑर्डर गेली. ती परत आली, मामांना उपरती झाली, असं काही घडलं नाही. उगाच गोड शेवट कशाला सांगू? आणखी दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. 'घरच्याच' काढून आणि कनकाचं काम लिहून सहानाने दुसरा व्हिडिओ टाकला, त्याखाली काही लोकांनी वाटेल ते लिहिलं. सहानाने एकही ओळ खोडली नाही, प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि सगळ्यांत नम्र शब्दांत सगळ्यांत कडक उत्तरं दिली. काही नवी गिऱ्हाइकंही आली. आवणी ओढाताणीत गेला, पण चौघींपैकी एकीचंही काम गेलं नाही. नवं लेबल आलं. त्यावर मडी नाही. 'कृती आणि देखरेख: कनका' असं आहे, आणि दुपारी टेबलाशी सहा खुर्च्या असतात. पहिले काही दिवस सगळ्याच अवघडून जेवल्या. अकरा वर्षांचा जिना एका दिवसात उतरत नाही.

वाचकहो, श्रीदेवी वाईट बाई नव्हती, आणि तुम्ही आम्हीही नाही. आपण कोणाला शिव्या देत नाही, कोणाला हाकलत नाही. आपण फक्त गप्प राहतो आणि लोकांना हवं ते समजू देतो. पण त्या गप्प राहण्यात कोणाचं तरी तोंड कापलं जातं. तेव्हा आज जेवायला बसाल तेव्हा पानातलं कोणी पिकवलं, कोणी कुटलं, कोणी रांधलं ते आठवून बघा, आणि त्या माणसाचं नाव चारचौघांत, त्याला समजेल अशा भाषेत घेऊन बघा. घेता आलं नाही, तर विटाळ त्याच्या हाताला नाही, आपल्या जिभेला आहे.