बारा माणसांची तुळई

संत मिशेलच्या सणाला आठ दिवस उरले होते आणि आलामांदाच्या घराला अजून वरचा मजला नव्हता. नव्या गावाचा कायदाच तसा. चौकात जागा मिळाली की वर्षाच्या आत, म्हणजे या सणापर्यंत, पुढच्या वाटेवर खांब रोवायचे आणि त्यांवर मजला चढवायचा. खाली सगळ्या गावाला सावलीतली वाट, वर तुमचं घर. नाही जमलं तर जागा गेली.

आणि हिचा नवरा ओजिए गावातला एकुलता एक सुतार! आधी सात शेजाऱ्यांचे मजले त्याने चढवून दिले. ती कानीकपाळी ओरडायची, "अहो, आधी आपलं बघा." तर हा हसायचा.

"अगं, आपली वेळ आली की शेजाऱ्यांची सगळी रांग धावून येईल."

आता त्याचे खांब उभे होते, पण ओकची तुळई चौकात आडवी पडली होती. ती उचलायला बारा माणसं हवीत, आणि गावभर द्राक्षांची तोडणी सुरू. आलामांदा दारोदार फिरली. कापडवाला पोन्स कुंडात द्राक्षं तुडवत होता, तो खाली उतरलासुद्धा नाही.

"वहिनी, द्राक्षं थांबतात होय? तोडणी झाली की येतो ना."

"तोडणी झाल्यावर काय आमच्या मयताला येता?"

"काय जीभ आहे बाई हिची!" पोन्स म्हणाला, आणि कुंडातले सगळे खदाखदा हसले.

कुणी आलं नाही. सणाच्या सकाळी पंच आले, उघडे खांब पाहिले आणि जागा पोन्सच्या जावयाला देऊन टाकली, खांबांसकट, तुळईसकट. ओजिए आपली हत्यारं गोळा करू लागला. आलामांदाला मात्र वाटलं, त्या पंचांचे झगे टराटरा फाडावेत.

तोडणी संपली. बाराच्या बारा जण हजर झाले, जावयाचा मजला चढवायला. नवरा-बायको आता भाड्याच्या खोलीत राहत होती; पोन्स तिथे आला.

"ओजिए, सांधा कसा बसवायचा तेवढं दाखव बाबा."

"अहो, पाऊल बाहेर टाकलंत तर बघा!" आलामांदा कडाडली.

"अगं, सांधा मी कोरलाय. वाकडा बसला तर कुणाच्या तरी डोक्यात पडेल."

"पडू दे मेल्यांच्या!"

तो गेलाच. तीही मागोमाग गेली. दोर ताणले, आरडाओरडा झाला, तुळई वर चढली आणि खाचेत अशी बसली की फटीत नख शिरलं नसतं. पोन्सने सुताराच्या पाठीवर थाप मारली. ओजिए गर्दीतून वाट काढत बायकोकडे आला, तोंडभर हसत.

"बघितलंस? एका दमात बसली!"

पोन्सचा राग तिला होताच. पण त्या घटकेला नवऱ्याचा जो तिटकारा आला, तो जन्मभर गेला नाही.