या वर्षी फवारू नकोस

आमच्या ओहायोतल्या या गल्लीत माणसाची किंमत त्याच्या लॉनवरून ठरते. दारू प्या, चर्चला दांडी मारा, दोनदा घटस्फोट घ्या, लोक समजून घेतात. पण पुढच्या अंगणात डँडेलियनचं एक पिवळं फूल दिसू द्या, की बायका पडद्याआडून बघतात आणि पुरुष म्हणतात, "त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय."

माझा नवरा गॉर्डी यातला महंत. खिशात कायम छोटा चाकू. शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता वाकतो आणि त्याच्याच अंगणातलं तण मुळासकट उपटून खिशात टाकतो. स्वतःच्या आईला पुरताना पाद्री प्रार्थना म्हणत होता आणि हा खाली बसून क्लोव्हरचं तण उपटत होता. लोकांना वाटलं, दुःखाने कोसळला.

शेजारचा व्हर्लिन हॉक्सी तसाच, फक्त नशिबाने मार खाल्लेला. त्याच्या अंगणात मधोमध भला मोठा मेपल, आणि त्याच्या सावलीत गवत म्हणून येत नव्हतं. चाळीस वर्षं गडी लढला. सावलीत वाढणारं बारीक पात्याचं बी पेरलं. गवत उंच ठेवून बघितलं, पाणी कमी करून बघितलं, चुना टाकला. ऊन आत यावं म्हणून खालच्या फांद्या छाटल्या, त्या इतक्या छाटल्या की झाड पिसं काढलेल्या कोंबडीसारखं दिसायला लागलं. एका उन्हाळ्यात तर कपाटाचा मोठा आरसा काढून अंगणात उभा केला, म्हणजे ऊन त्यावरून झाडाखाली जाईल. ऊन गेलं, पण आमच्या घराच्या भिंतीवर. भिंतीवर बाहेरून ठोकलेली प्लॅस्टिकची फळी चीजसारखी वितळून खाली लोंबली. ती लोंबती फळी आजही तशीच आहे.

गवत येईना, पण व्हायोलेट यायचे. दर वसंतात, मेपलला पानं फुटायच्या आधी, झाडाखाली जांभळी चादर. व्हर्लिनसाठी ते तण. त्याची बायको आर्डिथ म्हणायची, "अरे, जिथे गवत यायला लाजतं तिथे ती बिचारी येतायत. येऊ दे की."

"आज झाडाखाली येतील, उद्या दारात येतील," व्हर्लिन म्हणायचा आणि पाठीला तणनाशकाचा पंप लावायचा.

मग आर्डिथ स्वयंपाकघरातून केकची भांडी घेऊन यायची आणि जमतील तेवढ्या फुलांवर पालथी घालायची. व्हर्लिन तिला शिव्या घालत घालत भांड्यांच्या कडेकडेने फवारायचा. भांडं मात्र त्याने कधी हलवलं नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. त्यांचं लग्न असं चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात आर्डिथच्या पोटात गाठ निघाली. मार्चमध्ये तिला हॉस्पिटलात नेलं. जाताना गाडीत बसून ती व्हर्लिनला म्हणाली, "या वर्षी फवारू नकोस. मला झाकायला उठता येणार नाही."

व्हर्लिन म्हणाला, "नाही फवारणार. शप्पथ." हे त्याने आम्हाला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण आमच्याकडे कुणाच्या घरात आजारपण आलं की बायका डबे पोचवतात. पुरुषांना स्वयंपाक येत नाही, रडता तर मुळीच येत नाही, म्हणून ते गवत कापतात. व्हर्लिन रात्रंदिवस हॉस्पिटलात. त्याच्या अंगणात व्हायोलेटची पानं वर आली, तसा गॉर्डी अस्वस्थ झाला.

"बघवत नाही गं," तो मला म्हणाला. "माणूस तिकडे बायकोपाशी बसलाय आणि इकडे हे हरामखोर माजलेत."

"आपण आर्डिथच्या तब्येतीचं बोलू या का?"

"तेच तर बोलतोय!"

साधं तणाचं औषध व्हायोलेटला गुदगुल्या करतं, हे गॉर्डीला पाठ. म्हणून त्याने फरशीच्या फटीत उगवलेलं सगळं मारायचं औषध काढलं. समोरच्या लॉयड टटलला घेऊन सगळी जागा फवारली, वाळलेलं खरवडलं, माती भुसभुशीत केली, सावलीचं महागातलं बी पेरलं आणि वर पेंढा पसरला. दोघं कमरेवर हात ठेवून उभे राहिले. लॉयडच्या डोळ्यांत पाणी होतं. "व्हर्लिन बघेल तेव्हा..." एवढंच म्हणाला.

व्हर्लिनने एका दुपारी बघितलं. डॉक्टरांनी हात टेकले होते, आर्डिथला दोन दिवसांनी घरी आणायचं होतं, म्हणून तो पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावायला आला होता. गाडीतून उतरला आणि तसाच दार धरून उभा राहिला. गॉर्डी हसत हसत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पेंढ्यासारखा झाला होता.

"तिला ती फुलं बघायची होती," तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच घरी येतेय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुरू झाली शोधाशोध. पण व्हायोलेट आणायचे कुठून? सगळी गल्ली टक्कल केल्यासारखी स्वच्छ, आणि ती स्वच्छ करणारे हेच. गॉर्डी आणि लॉयड सगळ्यांची अंगणं पालथी घालत फिरले. ज्यांना आयुष्यभर तणावरून टोमणे मारले त्यांना विचारत होते, "तुमच्याकडे काही घाण उरलीय का हो?"

उरली होती एकाच घरी. कोपऱ्यावरच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या ट्वायला प्रुइटकडे. तिचं अंगण म्हणजे जंगल, आणि दर वर्षी नगरपालिकेत तिची तक्रार करणारा आमचा गॉर्डी. त्या दिवशी तो टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मीही मागे होते, ही मजा सोडवेना.

"या साहेब," ट्वायला म्हणाली. "या वेळी तक्रार तोंडी आणलीत?"

"नाही बाई. जरा... तण हवं होतं."

"काय हवं होतं?"

"तण. जांभळं."

"परत सांगा. नवऱ्याला बोलावते, त्यालाही ऐकू दे."

गॉर्डीने परत सांगितलं, आणि कशासाठी तेही सांगितलं. तेव्हा ट्वायलाचं हसू गेलं. ती आत गेली आणि फावडं घेऊन आली. "सगळे न्या," म्हणाली.

दोन ढकलगाड्या भरून व्हायोलेट आणले. व्हर्लिन, गॉर्डी आणि लॉयड, तिघं म्हातारे गुडघ्यांवर बसून लावत होते. फुलं अंगावर असताना उपटलेली रोपं ती. संध्याकाळपर्यंत माना टाकायला लागली. व्हर्लिन एकेका रोपाला कपाने पाणी घालत होता.

दुसऱ्या दिवशी आर्डिथला आणलं. स्ट्रेचरवर पांघरुणाखाली माणूस आहे की नुसतं पांघरूण, कळत नव्हतं. मी डबा घेऊन गेले होते, गॉर्डी माझ्यामागे लपला होता. व्हर्लिनने तिला उशीला टेकवलं आणि पडदा सरकवला.

आर्डिथने खूप वेळ बघितलं. मग हसायला लागली. हसताना खोकला आला, तरी हसत होती.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "व्हायोलेट रांगेत कधी उगवतात रे?"

मी खिडकीतून बघितलं. खरंच. तिघांनी सवयीने दोरी लावून लावले होते. सरळ ओळी, सारखं अंतर, आणि माना खाली घातलेली पलटण.

आर्डिथचं हसू हळूहळू ओसरलं.

"फवारलंस ना?"

गॉर्डीने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. पण त्याच्या आधी व्हर्लिन बोलला.

"हो. राहवलं नाही."

"एकच वर्ष रे," आर्डिथ म्हणाली. "एकच वर्ष मागितलं होतं." आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

गॉर्डी त्या रात्री जेवला नाही. सकाळी मला ओढत त्यांच्या दारात गेला. व्हर्लिन पायरीवर बसला होता.

"मला आत जाऊ दे. मी सांगतो तिला. तू का घेतलंस स्वतःवर?"

"काल तू सांगितलं असतंस तर तिने तुझे आभार मानले असते," व्हर्लिन म्हणाला. "तुला माहितीये ती कशी आहे. उठून बसली असती, केस नीट केले असते, म्हणाली असती, किती त्रास घेतलात गॉर्डी. तेवढा दम नाही रे तिच्यात. माझ्यावर चिडायला दम लागत नाही, ते तिला झोपेत येतं."

"बोलली तुझ्याशी?"

"नाही."

गॉर्डी पायरीवर त्याच्या शेजारी बसला. "मग मी सांगतोच."

व्हर्लिनने नखांतली माती काढली. मग म्हणाला, "दुपारी ये. जरा तरतरी आली की सांग. मी अडवणार नाही. मलाही..."

गॉर्डी घरी आला. दाढी केली, लग्नाकार्याला घालायचा टाय बांधला, आरशासमोर उभा राहून काय बोलायचं ते घोकलं. "आर्डिथ, त्याने नाही, मी." एवढं एक वाक्य, ते दहादा चुकला. टाय सोडून परत बांधत होता, तेव्हा व्हर्लिनच्या दारात नर्सची गाडी आली, आणि थोड्या वेळाने दुसरी, लांब, काळी.

दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅमचे सँडविच घेऊन उभे होते, कोणी खात नव्हतं. गॉर्डी तोच टाय घालून व्हर्लिनपाशी गेला.

"आता मी कुणाला सांगू रे?"

"मला सांग."

आणि गॉर्डीने सांगितलं. जणू व्हर्लिनला काही माहीतच नाही, असं पहिल्यापासून. फटीतलं औषध, लॉयडचं रडं, टक्कल पडलेली गल्ली, आणि ट्वायलाने त्याला तण दोनदा मागायला लावलं ते. व्हर्लिन खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत राहिला.

"तू टोपी काढून उभा होतास? तिच्या दारात?"

"हो."

"हे आर्डिथला कळायला हवं होतं," व्हर्लिन म्हणाला. "किती हसली असती."

तो स्वतः हसायला गेला. तोंड तसं झालं, पण आवाज दुसराच निघाला.