दाराआडचा पटर

मी एक पटर. गोल्फमध्ये शेवटी चेंडू हळूच भोकात ढकलतात ना, ती काठी. लांब फटके मारणाऱ्यांचं कौतुक फार, सामना मात्र आमच्यावर ठरतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

माझा मालक विमा कचेरीत कारकून, सुटीच्या दिवशी हौशी खेळाडू. एकदा तो मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. शेवटच्या भोकापाशी मला टेकवताना माझं तोंड चेंडूला लागलं. चेंडू केसभर हलला. कुणी पाहिलं नव्हतं. मालकाने आपणहून पंचांना सांगितलं, एक फटका दंड घेतला आणि तेवढ्यानेच हरला.

"कशाला बोललात?" बायकोने विचारलं.

"मला दिसलं ना," तो म्हणाला. त्याचा काय अभिमान वाटला होता मला!

या सचोटीपायीच त्याला गोल्फ संघटनेचा सचिव केलं. खेळ सुटला, पोट सुटलं. मी मैदानावरच्या संघटनेच्या कचेरीत दाराआड गेलो. वरची खिडकी लोटायला तेवढा कामी येई.

मैदानाच्या माळ्याची मुलगी मात्र त्याच कचेरीत, सतरंजीवर पेला आडवा ठेवून माझ्यावर शिकली. "काका, मनगट असं?" हे तिचं दिवसभर चाले. यंदा निवड चाचणीत ती पहिली आली. संघात जागा एकच होती आणि वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. सही केलेलं गुणांचं कार्ड तिने वेळेत मालकाच्या हातात दिलं; ते उशिरा आलं तर खेळाडू बाद धरतात.

दुसरी आली अध्यक्षांची भाची.

"माळ्याच्या मुलीचं कार्ड वेळेत आलं नाही, एवढंच लिहा," अध्यक्ष म्हणाले. "उपाध्यक्षपदाला तुमचंच नाव घेतोय."

कार्ड समोरच होतं. मालकाने ते खणात सारलं आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. "साहेब, मी तुमच्या हातात दिलं होतं."

'साहेब' ऐकून त्याने मान खाली घातली. "वेळेत नाही आलं गं. नियम आहे." मग मला पुढे केलं. "हा घेऊन जा. तुझ्या हातात बसलाय."

तिने मला तोललं. मनगट अगदी बरोबर होतं. मग तिने मला जागेवर ठेवलं.

"राहू दे. खिडकी कशाने लावाल?"

ती पुन्हा आली नाही. मालक आता उपाध्यक्ष आहे. माझ्या मुठीचं रबर झडतंय, आणि तो मला उचलतो तेव्हा माझ्याकडे बघत नाही. कार्ड अजून खणात आहे. मला दिसलं ना. पण मला पंचांकडे चालत जाता येत नाही.